वाचकांचे प्रश्न : डावखुऱ्यांची गिटार

मागील अंकात नवी गिटार विकत घेताना काय पाहावे याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत डावखुऱ्या वाचकांची आणि डावखुऱ्या मुलांच्या पालकांची पत्रे लक्षणीय होती. त्या लेखात त्यांच्या अडचणींना जागा मिळाली नव्हती, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. लिहिणे, चित्र काढणे, बॅडमिंटन खेळणे हे सर्व ती डाव्या हाताने करते. गिटारच्या वर्गात घातले तेव्हा सरांनी सांगितले, “गिटार सगळे उजव्या हातानेच वाजवतात, तिलाही तशीच सवय लावा. डावा हात चलाख असल्यामुळे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) पकडणे तिला उलट सोपे जाईल.” दुकानदाराचे म्हणणे असे, की कोणतीही गिटार घ्या, आम्ही तारा उलट्या लावून देऊ. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक पालक, सातारा

उत्तर : दोघांच्याही सांगण्यात थोडे तथ्य आहे; मात्र दोघांनीही मुलीच्या आधी स्वतःची सोय पाहिलेली दिसते. दुकानदाराच्या सूचनेचा विचार पुढील पत्राच्या उत्तरात केला आहे. येथे सरांच्या युक्तिवादाकडे पाहू, कारण तो वरवर अगदी पटण्यासारखा आहे.

नेहमीच्या गिटारवर डावा हात फ्रेटवर, म्हणजे मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारा दाबतो आणि उजवा हात तारा छेडतो. नवशिक्याची बोटे दुखतात ती दाबणाऱ्या हाताची, अडखळतात तीही त्याच हाताची. म्हणून खरे कौशल्याचे काम तोच हात करतो, अशी समजूत पहिल्या काही महिन्यांत हमखास होते. पण तसे असते, तर बहुसंख्य असलेल्या उजव्या लोकांनी आपला चलाख हात दाबण्याच्या कामाला लावला असता आणि गिटारची घडणच उलट झाली असती. तसे झाले नाही. लय सांभाळणे, आवाज लहानमोठा करणे, एखादी मात्रा मुद्दाम मोकळी सोडणे, गायकाच्या श्वासाबरोबर थांबणे ही सर्व कामे छेडणाऱ्या हाताची आहेत. कॉर्डचे आकार कोणताही हात सरावाने शिकतो, परंतु मन दुसरीकडे असतानाही ठेका न सोडणे हे ज्या हाताला आतून जमते, त्याच हातात स्ट्रमिंग, म्हणजे तारा छेडण्याचे काम, द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ सरांचा मार्ग चुकीचाच आहे असा नव्हे. मार्क नॉफ्लर, गॅरी मूर आणि रॉबर्ट फ्रिप हे तिघेही मूळचे डावखुरे; तिघांनीही नेहमीची उजवी गिटार वाजवून जगभर नाव मिळवले. दुसऱ्या बाजूला बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांचे उदाहरण आहे. वडिलांनी दिलेला ट्रम्पेट देऊन त्यांनी गिटार घेतली, पण ती उजवीकडून काही केल्या हाताला बसेना. पुढे डावखुरी गिटार वाजवणाऱ्या स्लिम व्हिटमन या गायकाचे गिटार धरलेले छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले, तेव्हा वाद्य उलट धरता येते हे लक्षात आले आणि मग हात चालू लागला. अशी उदाहरणे दोन्ही बाजूंनी हवी तितकी देता येतील. आपल्या मुलीचा हात काय सांगतो, हे त्यांतून कळणार नाही.

ते पाहण्यासाठी एक साधा प्रयोग करावा. तिला आवडणारे गाणे घरी लावावे आणि काही न सांगता, सहज म्हणून, गिटार वाजवल्याचा अभिनय करायला सांगावे. कोणता हात हवेत तारा छेडू लागतो ते पाहावे. दुसरी पायरी वर्गात करता येईल. एकही कॉर्ड न धरता, मोकळ्या तारांवर, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून तिने आधी एका हाताने आणि मग दुसऱ्या हाताने ठेका धरावा, आणि तो चालू असतानाच तिच्याशी शाळेच्या गप्पा माराव्यात. बोलताना ज्या हाताचा ठेका मोडत नाही, तो तिचा छेडणारा हात. हा प्रयोग एकाच दिवशी उरकू नये. आठवडाभर, थोडा थोडा वेळ करावा.

लिहिण्याचा किंवा खेळण्याचा हात हा यात अंतिम पुरावा मानू नये. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितात, पण फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करीत आले. रॉक गायक-गिटारवादक कर्ट कोबेन यांचे नेमके उलट होते : ते उजव्या हाताने लिहीत आणि गिटार डावखुरी वाजवीत. दहाजणांत साधारण एक जण डावखुरा असतो, परंतु त्या एकाचा प्रत्येक कामातला हात डावाच असेल असे नाही.

प्रयोगात डावा हात निःसंशय पुढे आला, तर बाजारात ‘लेफ्ट-हँड’ म्हणून मिळणारी डावखुरी गिटारच घ्यावी आणि नंतर मागेपुढे पाहू नये. दोन्ही हातांत विशेष फरक दिसला नाही, तर मात्र बिनदिक्कत उजवी गिटार घ्यावी. त्यात व्यवहाराचे फायदे आहेत : दुकानात निवड भरपूर असते, जुनी गिटार सहज विकली जाते, आणि कोणाच्याही घरी, सहलीत किंवा शाळेच्या कार्यक्रमात हाती येणारे वाद्य वाजवता येते. डावखुऱ्या वादकाला आयुष्यभर स्वतःचे वाद्य बरोबर न्यावे लागते. ही गैरसोय खरी आहे. फक्त ती मुलीला आधी समजावून सांगावी आणि निर्णयात तिचाही सहभाग असावा.

बारा वर्षांच्या मुलीसाठी नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्यावी, असे सुचवीन. नायलॉन बोटांना मऊ असते. पूर्ण मापाच्या क्लासिकल गिटारवर तारेची लांबी सुमारे ६५० मिलिमीटर आणि नटजवळची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिच्याजवळची, रुंदी सुमारे ५२ मिलिमीटर असते. मुलीचा हात लहान असेल तर पाऊण मापाची गिटार पाहावी. लहान गावात डावखुरी गिटार तयार मिळण्याची शक्यता कमी, म्हणून मुंबईत धोबी तलावाच्या परिसरातील किंवा पुण्यातील मोठ्या दुकानांत आधी फोन करून चौकशी करावी आणि गरज पडल्यास मागवून घ्यावी. वाट पाहावी लागली तरी हरकत नाही, पण “सध्या उजवीवर सुरू करू, मग बदलू” हा तोडगा मान्य करू नये. सवय एकदा हातात बसली की ती मोडून पुन्हा आरंभ करणे मुलांना फार जड जाते आणि पुष्कळदा गिटारच सुटते.

सरांना एवढेच विनवावे, की तिला शेजारी न बसवता समोर बसवावे. उजवा शिक्षक आणि डावखुरा विद्यार्थी समोरासमोर बसले की आरशात पाहावे तसे दोघांचे हात एकमेकांशी जुळतात. शिक्षकाला वेगळे काहीच शिकावे लागत नाही.

प्रश्न : मी डावखुरा आहे. स्टीलच्या तारांची नेहमीची अकूस्टिक गिटार घेतली आणि दुकानातच तारा उलट्या क्रमाने लावून घेतल्या. आता जाड तार नटच्या खाचेत नीट बसत नाही, बारीक तार झणझणते, आणि सातव्या फ्रेटच्या पुढे गेलो की ट्युनरने लावलेली गिटारही बेसूर वाटते. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताचीच गिटार उलटी करून वाजवीत असे, मग माझ्याच गिटारला काय झाले? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या गिटारमध्ये दोष नाही आणि आपल्या कानातही नाही. ज्या बाजूसाठी ती घडवली, त्या बाजूने ती वाजवली जात नाही, एवढेच झाले आहे.

खाचांचे कारण सोपे आहे. ‘लाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टील तारांच्या प्रचलित संचात पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची (सुमारे ०.३० मिलिमीटर) असते, तर सहावी तार ०.०५३ इंचाची (सुमारे १.३५ मिलिमीटर). नटमधील प्रत्येक खाच आपापल्या तारेच्या मापाने कापलेली असते. जाड तार बारीक खाचेत गेली की वर अधांतरी राहते, आणि पहिल्या फ्रेटवर ती दाबायला अकारण जोर लागतो. बारीक तार रुंद खाचेत खोल उतरते, सैल हलते आणि फ्रेटला घासून झणझणते. यावर उपाय एकच : डावखुऱ्या क्रमाचा नवा नट बसवून घेणे. गिटार दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराला हे काम अवघड नाही.

बेसूरपणाचे मूळ मात्र दुसऱ्या टोकाला आहे. ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या भागावर, बसवलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, म्हणजे सॅडल, निरखून पाहावी. स्टीलच्या तारांच्या गिटारवर ती सरळ नसते, तिरकी असते. मुळात जाड तारा जिथे असायच्या ते तिचे टोक नटपासून दोन-तीन मिलिमीटर अधिक दूर असते. तार फ्रेटवर दाबली की थोडी ताणली जाते आणि तिचा सूर अपेक्षेपेक्षा किंचित चढतो. जाड आणि ताठ तारेत हा चढ अधिक, म्हणून तिला थोडी जास्त लांबी देऊन हिशेब पुरा केलेला असतो. आपण क्रम उलटल्यामुळे ती जास्तीची लांबी बारीक तारांना मिळाली आणि जाड तारांची गेली. मोकळ्या तारा ट्युनरने बरोबर लागतात, पण वरच्या फ्रेटवर जावे तसतशा जाड तारा चढ्या आणि बारीक तारा उतरलेल्या ऐकू येतात. खात्री करायची असेल तर बाराव्या फ्रेटच्या अगदी वर तारेला हलका स्पर्श करून हार्मोनिक वाजवावा, मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवावी आणि दोन्ही सूर ट्युनरवर पाहावेत. ते एकच असायला हवेत.

हेंड्रिक्स यांची गोष्ट वेगळी ठरली ती स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या रचनेमुळे. तिच्या ब्रिजवर प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र, पुढेमागे सरकणारे असे सहा छोटे सॅडल असतात. क्रम उलटा केला तरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक तारेची लांबी नव्याने जुळवता येते. अकूस्टिक गिटारचा ब्रिज लाकडावर चिकटवलेला असतो. त्याची खाच बुजवून उलट्या तिरकसपणाने पुन्हा कापावी लागते, आणि साध्या गिटारवर तेवढा खर्च करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय पिकगार्ड (बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) चुकीच्या बाजूला राहतो, पट्ट्याची खुंटी आणि इक्वलायझर असल्यास त्याची बटणे भलतीकडे जातात, आणि फ्रेट मोजण्यासाठी मानेच्या कडेला दिलेले ठिपके खालच्या बाजूला जाऊन दिसेनासे होतात.

माझा सल्ला असा : सध्या पहिल्या तीन-चार फ्रेटवरच्या कॉर्ड शिकत असाल, तर फक्त नट बदलून काही काळ काम चालवा, कारण तेवढ्या भागात सुरांची चूक फारशी खुपत नाही. हात बसला आणि गिटार सोडायची नाही हे नक्की झाले, की ही विकून डावखुरी घ्या. यामाहाच्या एफजी ८२० या मॉडेलचे डावखुरे रूप नावापुढे ‘एल’ अक्षर लावून विकले जाते. अन्य कंपन्यांच्या यादीतही हे अक्षर शोधावे. नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर सॅडल बहुधा सरळ असतो आणि बॉडीही दोन्ही बाजूंनी सारखी असते, त्यामुळे तारा उलटवण्याचा प्रयोग तिच्यावर बऱ्यापैकी यशस्वी होतो. मात्र तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नयेत. तो ताण तिला पेलत नाही.

आणखी एक वाट आहे, तीही सांगून ठेवतो : तारांना हातच न लावता उजवी गिटार नुसती उलटी धरणे, म्हणजे बारीक तारा वर आणि जाड खाली. अमेरिकेतील एलिझाबेथ कॉटन (१८९३–१९८७) याच पद्धतीने वाजवीत. त्यांचा अंगठा वरच्या बारीक तारांवर चाल वाजवी आणि बोटे खालच्या जाड तारांवर खर्ज सांभाळीत, म्हणजे रूढ पद्धतीच्या बरोबर उलट. त्या वादनाला पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ब्लूजचे अल्बर्ट किंग हेही तसेच वाजवीत. इतर वादक बारीक तार वर ढकलून सूर चढवतात, ते ती खाली ओढून चढवीत, आणि त्यांच्या वादनाचा वेगळेपणा बराचसा त्या ओढीत आहे. ऐकायला हे मोठे सुंदर वाटते. पण या पद्धतीत कॉर्डचा प्रत्येक आकार स्वतः शोधावा लागतो आणि शिकवणारा कोणी भेटत नाही, म्हणून नवशिक्याला ती मी सुचवणार नाही.

प्रश्न : शाळेत असताना डाव्या हाताने लिहिले की छडी बसत असे. परिणामी आयुष्यभर उजव्या हाताने लिहीत आलो, जेवतोही अर्थातच उजव्या हाताने. मात्र कॅरम, खिळा ठोकणे, चेंडू फेकणे हे आजही डाव्याने होते. आता निवृत्तीनंतर गिटार शिकण्याची इच्छा आहे. मी स्वतःला डावखुरा समजावे की उजवा? — एक ज्येष्ठ वाचक, नागपूर

उत्तर : जेवणाचा आणि लिहिण्याचा हात आपण हिशेबातून काढूनच टाका. पहिला संस्काराने ठरतो आणि दुसरा आपल्या बाबतीत छडीने ठरला. कॅरम आणि हातोडा यांना मी अधिक महत्त्व देईन. स्ट्रायकर मारताना जोर आणि नेम एकाच क्षणी साधावा लागतो; तारा छेडतानाही तेच घडते. साताऱ्याच्या पालकांना सुचवलेला ठेक्याचा प्रयोग आपणही करून पाहावा, आणि शक्य असल्यास दोन्ही प्रकारच्या गिटारी काही दिवस कोणाकडून तरी मागून आणाव्यात.

आपल्या वयात मात्र हाताच्या सवयीपेक्षाही एका गोष्टीला अग्रक्रम द्यावा. तारा दाबणाऱ्या हाताची बोटे सांध्यांतून पुरेशी वाकावी लागतात आणि त्यांना जोर लागतो. छेडणाऱ्या हाताचे बरेचसे काम मनगट आणि कोपर यांवर निभावते. एखाद्या हाताला संधिवात असेल किंवा जुन्या दुखापतीने बोट आखडलेले असेल, तर तो हात छेडण्यासाठी ठेवावा, मग तो डावा असो वा उजवा. आणि दुखणे चालू असेल तर आधी डॉक्टरांचे मत घ्यावे. गिटारवादक टोनी आयोमी यांचे उदाहरण कोणी याविरुद्ध सांगेल. बर्मिंगहॅममधील कारखान्यात वयाच्या सतराव्या वर्षी या डावखुऱ्या वादकाच्या उजव्या, म्हणजे तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, तरी त्यांनी हात बदलला नाही. प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावून वाजवणे चालू ठेवले. पण ते आधीपासून डावखुरे वाजवीत होते आणि तरुण होते. आपली सुरुवातच व्हायची आहे, तेव्हा आपण सोयीची बाजू मोकळेपणाने निवडू शकता.

उतारवयात बाजू ठरवणे फार अवघड जाईल अशी शंका असेल, तर पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचे स्मरण करावे. आकाशवाणीवर नोकरी करणारे, नावारूपाला आलेले बासरीवादक असताना ते अन्नपूर्णा देवींकडे शिकायला गेले आणि सारे नव्याने शिकण्याची आपली तयारी दाखवण्यासाठी त्यांनी बासरी उजव्या बाजूची डाव्या बाजूला घेतली. आपल्याला तर मोडण्यासारखी जुनी सवयच नाही.

प्रश्न : शिक्षक नाही, व्हिडिओ पाहून डावखुरी गिटार शिकतो आहे. सर्व व्हिडिओ आणि कॉर्डच्या आकृत्या उजव्यांसाठीच असतात. त्या उलट्या कशा करून घ्याव्यात? — एक विद्यार्थी, चंद्रपूर

उत्तर : कॅमेऱ्याकडे तोंड करून वाजवणाऱ्या उजव्या शिक्षकाचा व्हिडिओ आपल्याला उलटा करावाच लागत नाही. त्याच्या गिटारची मान पडद्यावर उजवीकडे जाते, आपल्या गिटारची मानही आपल्या उजवीकडेच असते. त्या बाबतीत आपली उजव्या विद्यार्थ्यांपेक्षा सोय अधिक आहे. फक्त वादकाच्या खांद्यावरून घेतलेले चित्रण आडवे उलटवून पाहावे लागेल.

टॅब आणि स्वरलिपी यांत तारेचा क्रमांक, फ्रेट किंवा स्वर सांगितलेला असतो, हात सांगितलेला नसतो, म्हणून त्या जशाच्या तशा वाचाव्यात. अडचण फक्त उभ्या कॉर्ड-आकृत्यांची आहे, कारण त्यांत डावीकडची रेघ सहावी तार असते. डावखुऱ्यांसाठी उलटवलेल्या आकृत्या मिळतात, परंतु मी त्यांची सवय लावू नये असे म्हणेन, कारण बहुतेक पुस्तकांत त्या भेटणार नाहीत. त्याऐवजी कॉर्ड शब्दांत पाठ करावी. सी मेजर म्हणजे पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर दुसरा, दुसरीवर पहिला; ई मायनर म्हणजे पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर. हे वाक्य कोणत्याही हाताला सारखेच लागू पडते.

प्रश्न : माझ्या शाळेतील गिटारवर्गात मुले एका रांगेत बसतात. त्यांतील एक मुलगा डावखुरा आहे आणि त्याची गिटार शेजाऱ्याच्या गिटारला सतत लागते. त्याला वेगळे बसवावे काय? — एक संगीतशिक्षिका, मडगाव

उत्तर : वेगळे बसवू नये, रांगेतील जागा तेवढी बदलावी. उजव्या मुलांच्या गिटारची मान त्यांच्या डावीकडे जाते आणि या मुलाची त्याच्या उजवीकडे, म्हणून त्याला मुलांच्या बाजूने पाहता रांगेच्या अगदी उजव्या टोकाला, म्हणजे आपण समोर उभ्या असाल तर आपल्या डाव्या हाताला, बसवावे. तेथे त्याची मान रांगेबाहेर मोकळी राहते आणि शेजाऱ्याची मान दुसऱ्या दिशेला असते. वादकांच्या बैठकीचा हा प्रश्न शाळेपुरता नाही. कर्नाटक संगीतातील थोर मृदंगवादक पळणी सुब्रमणिय पिळ्ळै डावखुरे होते, आणि त्यांच्या मैफलीत मृदंग व व्हायोलिन यांच्या जागांची अदलाबदल करावी लागत असे. वर्गात डावखुरी मुले दोन झाली, तर दोघांनाही त्याच टोकाला शेजारी शेजारी बसवावे; दोघांच्या माना एकाच दिशेला जातील.